एक काकडी वेलावर राहू द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या ताटात काकडीला जागा आहे, पण मान नाही. भाजी उजवीकडे, कोशिंबीर डावीकडे. आणि घाई असली की स्वयंपाकातून सगळ्यात आधी गळते ती कोशिंबीरच. बाजारातही तसंच. मेथी निवडून घेणारे, वांगं दाबून बघणारे आपण, 'दोन काकड्या टाका हो वरून' असं म्हणून पिशवी पुढे करतो. आज या वरून टाकल्या जाणाऱ्या काकडीबद्दलच बोलायचं आहे. ती गच्चीत कशी लावायची, घरात कशी वापरायची, घरातल्या मुक्या प्राण्यांना द्यायची की नाही, आणि तिचं बी का राखायचं, असे चार मुद्दे आहेत. मी काही शेतीतज्ज्ञ नाही. नोकरी सगळी बँकेत झाली. पण माहेर गुहागर तालुक्यातलं, त्यामुळे मातीशी बोलणं कधी बंद झालं नाही, आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत ते पुन्हा वाढलं.

सुरुवात कुळापासून करू. काकडी अस्सल भारतीय आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची ही मंडळी समुद्रापलीकडून आली, काकडी मात्र इथलीच. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी भावकी आजही सापडते. ती फळं लहान आणि जहर कडू असतात. त्या कडू फळांतून कमी कडू वेल निवडत, त्यांचंच बी धरत, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी आजची गोड काकडी घडवली. हे निवडण्याचं काम कोणत्या प्रयोगशाळेत झालं नाही. ते परसदारी झालं आणि बहुतेक बायकांनीच केलं असणार. आता हीच काकडी परदेशीही जाते. लोणच्याची जी बोटाएवढी काकडी असते, घेरकिन म्हणतात ती, तिच्यासह काकडीच्या निर्यातीत भारत जगात पहिला असल्याचं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं होतं.

आपल्या महाराष्ट्रातच तिची किती रूपं! पुण्याकडे कोवळी मावळी काकडी. बुटकी, पिवळट-हिरवी 'पूना खिरा' तर शहराचं नाव लावूनच फिरते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पांढरट 'हिमांगी', दापोलीच्या विद्यापीठाची, कोकणच्या पावसात तग धरणारी 'शीतल'. आणि कोकणातलं, गोव्यातलं आमचं तवसं! हातभर लांब, मांडीएवढं जाड, पिकलं की तांबूस पिवळं. गणपतीपुढे सिंधुदुर्गात माटवी आणि गोव्यात माटोळी बांधतात, त्यात ते टांगलेलं असतं. गोव्यात तळावली इथल्या सांत आनाच्या चर्चमध्ये जुलैच्या अखेरीस जे फेस्त भरतं त्याला लोक 'तवशाचं फेस्त'च म्हणतात. मूल व्हावं म्हणून तिथे तवसं वाहतात. देव कोणताही असो, पावसाळ्यात वेलाला लागलेलं पहिलं फळ त्याच्यापुढे ठेवावं असं या मातीतल्या माणसाला वाटतं, हे मला फार आवडतं.

एक खुलासा करून ठेवते. देशावरचं वाळूक आणि कोकणातलं चिबूड ही काकडीची चुलत भावंडं, खरबुजाच्या घरातली. त्यांचा आणि काकडीचा संकर होत नाही. म्हणून 'शेजारी कारलं लावलं म्हणून माझी काकडी कडू झाली' ही तक्रार मनातून काढून टाका. कारल्याचा त्यात काहीही दोष नाही. दोष कोणाचा ते पुढे सांगते.

आता लागवड. काकडीला तीन गोष्टी लागतात. भरपूर ऊन, सतत ओल आणि चढायला आधार. दिवसातून निदान सहा तास ऊन हवं. हंगाम दोन. पावसाळ्यात जून-जुलै आणि उन्हाळी पिकासाठी थंडी ओसरताना, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. कडाक्याच्या थंडीत बी रुजत नाही, रुजलं तरी वाढत नाही. कुंडी १५ इंचांची घ्या, किंवा तेलाचा रिकामा डबा, रंगाची बादली, काहीही चालेल. मात्र तळाला भोकं हवीत, कारण काकडीला ओल हवी असते पण पाय पाण्यात नको असतात. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडा नारळाचा भुसा. एका कुंडीत तीन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. चार ते सहा दिवसांत कोंब येतात. त्यांतली सगळ्यात जोमदार एक किंवा दोन रोपं ठेवायची. उपटण्यापेक्षा कात्रीने कापावीत, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का बसत नाही.

वेलाला कोवळे तणावे फुटले की सुतळी किंवा जाळी बांधून द्या. जमिनीवर पसरलेल्या वेलाची फळं सडतात, मांडवावरची सरळ आणि स्वच्छ राहतात. पाणी सकाळी आणि बुंध्याशी. पानांवर पाणी साचलं की केवडा रोगाला आमंत्रण. उन्हाळ्यात कुंडीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पाणी वाचेल.

मग येतो तो प्रश्न, जो मला गच्चीबाग करणारा प्रत्येक जण विचारतो. 'अहो, फुलं रग्गड येतात, काकडी एक धरत नाही!' याचं उत्तर सोपं आहे. काकडीच्या एकाच वेलावर नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी असतात. आधी येतात ती नरफुलं. ती गळतात आणि गळायचीच असतात. आठवडा-दहा दिवसांनी मादीफुलं येतात. ओळखायला सोपी. फुलाच्या मागे बोटाच्या नखाएवढी, लवदार, इवलीशी काकडी आधीच तयार असते. तिच्यावर पराग पडला तर ती वाढते, नाहीतर पिवळी पडून गळते. हे काम मधमाश्यांचं. पण चौथ्या-पाचव्या मजल्यावर, आजूबाजूला नुसतं सिमेंट असेल तर मधमाशी येणार कुठून? अशा वेळी ते काम आपण करायचं. सकाळी नऊच्या आत ताजं उमललेलं नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. फूल एकच दिवस उमलतं, त्यामुळे 'उद्या बघू' चालत नाही. मॉलमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लांब गुळगुळीत काकडी मिळते, तिला पराग लागत नाही. म्हणून तर तिच्यात बी नसतं.

शत्रू दोन. एक तांबडे भुंगेरे, जे कोवळी पानं चाळणीसारखी करतात. ते सकाळी सुस्त असतात तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. दुसरी फळमाशी. ती कोवळ्या काकडीत अंडी घालते, मग फळ वाकडं होतं आणि आतून सडतं. फळ धरलं की त्यावर कागदाची पिशवी चढवा आणि किडकं फळ गच्चीत टाकून देऊ नका, खोल पुरा. निंबोळी अर्क फवारायचा तर संध्याकाळी. सकाळी फवाराल तर जिची आपण वाट बघतोय त्या मधमाशीलाच त्रास होऊ शकतो.

पेरणीपासून साधारण ४० ते ५० दिवसांत पहिली काकडी हाती येते. ती कोवळी असतानाच काढा. वेलाचा हिशोब साधा असतो. फळ पिकलं, बी तयार झालं, की वंश चालवण्याचं आपलं काम संपलं असं समजून तो नवी फळं धरणं कमी करतो. तुम्ही कोवळी काढत राहाल तोवर तो देत राहतो.

आता स्वयंपाकघरात येऊ. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि १०० ग्रॅममध्ये कॅलरी जेमतेम १५. काकडीचा सगळा स्वभाव या पाण्यात आहे. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की मीठ ते पाणी ओढून घेतं आणि कोशिंबिरीचं सार होतं. म्हणून चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, वरून हिंग-जिरं-मिरचीची फोडणी हे सगळं आधी, आणि मीठ पानं वाढताना. उलट थालिपिठाला हेच पाणी हवं असतं. काकडी किसा, मीठ घालून पाच मिनिटं ठेवा आणि सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढी भाजणी घाला. वेगळं पाणी घातलंत की चव गेली.

आमच्याकडचं धोंडसही याच तत्त्वावर. पिकलेल्या तवशाचा कीस, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि खमंग भाजलेला रवा. त्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही, रवा तवशाच्या पाण्यात शिजतो. पूर्वी खाली निखारे, वर झाकणावर निखारे ठेवून ते भाजत. आता जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, खाली तवा ठेवून छान होतं. गोव्यात हिलाच तवसळी म्हणतात. सालं टाकू नयेत. तेलावर परतून तीळ, लाल मिरची आणि चिंचेच्या कोळाबरोबर वाटली की उत्तम चटणी होते. जून काकडीच्या बियांतला मगज ठंडाईत पडतो. डोळ्यांवर चकत्या ठेवण्याबद्दल मला नेहमी विचारतात. जरूर ठेवा, गार वाटतं. पण काळी वर्तुळं त्याने जात नाहीत. त्याला झोपच लागते.

आणि हो, कडूपणा. काकडीच्या मुळांत-पानांत कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. जनावरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून वेलाने केलेली ही तजवीज. कडक ऊन आणि पाण्याची आबाळ झाली की ते फळात उतरतं. देठाकडे आणि सालीखाली सगळ्यात जास्त. म्हणजे दोष कारल्याचा नाही, कधी उन्हाचा तर कधी बियाण्याच्या वाणाचा. आपण टोक कापून, घासून फेस काढतो. त्यात घासण्यापेक्षा कापण्याचाच उपयोग जास्त, कारण कडू भाग त्या टोकाबरोबर जातो. पण सगळीच काकडी कडू असेल तर 'औषधी असतं' म्हणत गिळू नका. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका गृहस्थांचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली आणि कडू रस पिऊ नये असंच सांगितलं. दुधी काय, काकडी काय, कूळ एकच. कडू लागलं की थुंकून टाकायचं. जिभेचा तो कौल मानावा.

आता मुक्या मंडळींकडे वळते. आमच्या घरी खंड्या नावाचा लॅब्रेडॉर आहे. तो आठ वर्षांचा असताना त्याचं वजन ३८ किलो झालं होतं. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, 'मागच्या पायांचे सांधे झिजताहेत. औषध देतो, पण खरं औषध वजन कमी करणं हेच. जेवणाखेरीज काय देता?' मी सासऱ्यांकडे बघितलं. अप्पा तेव्हा ८४ वर्षांचे. सकाळच्या चहाला ते आणि खंड्या समोरासमोर बसत. एक मारी बिस्कीट अप्पांना, दोन खंड्याला. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. मोजलं तर दिवसाला दहा बिस्किटं. एका बिस्किटात साधारण २० ते २५ कॅलरी. म्हणजे त्याच्या दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या लाडातून पोटात जात होता.

'अप्पा, डॉक्टरांनी बिस्कीट बंद सांगितलंय,' मी म्हटलं. 'अगं, एका बिस्किटानं काय होतंय!' हे उत्तर ठरलेलं. पण मला दिसत होतं की अडचण बिस्किटाची नव्हती. सासूबाई गेल्यानंतर त्या घरात अप्पांच्या हाताकडे आशेनं बघणारा एवढा एकच जीव उरला होता. बिस्किटाची पुडी काढून घेतली असती तर कुत्र्याचं वजन उतरलं असतं आणि म्हाताऱ्याचं मन उतरलं असतं. डॉक्टरांनाच पुन्हा विचारलं. ते म्हणाले, काकडी द्या. एका पातळ चकतीत कॅलरी जेमतेम एक. दहा चकत्या दिल्या तरी अर्ध्या बिस्किटाएवढ्या होत नाहीत. मग अप्पांच्या चहाच्या ट्रेमध्ये स्टीलच्या डबीत काकडीच्या चकत्या येऊ लागल्या. पहिले दोन दिवस खंड्याने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी एक खाल्ली, आणि तो 'कुर्रम' आवाज अप्पांना इतका आवडला की ते स्वतःही चहाबरोबर काकडी खाऊ लागले. जेवणही डॉक्टरांनी मोजून दिलं होतं, फिरणंही वाढवलं. काकडी एकटीचं हे श्रेय नाही. पण दहा महिन्यांत खंड्या ३१ किलोवर आला आणि जिना एका दमात चढू लागला.

तुम्हाला करायचं असेल तर नियम लक्षात ठेवा. काकडी स्वच्छ धुवा, बाजारातली असेल तर सोला. आधी स्वतः चाखा, कडू असेल तर देऊ नका. चकत्या पातळ करा, मोठा तुकडा घशात अडकू शकतो. मीठ, मसाला, लोणचं काही नको. आणि आपल्या ताटातली कोशिंबीर तर मुळीच नको, कारण तिच्यात कांदा असतो. कांदा, लसूण, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत. लाडाचा सगळा खाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या दहाव्या भागावर जाऊ नये. काकडी हा खाऊ आहे, जेवण नाही. आणि किडनीचा किंवा मधुमेहाचा आजार असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा.

मांजर जात्याच मांसाहारी. तिने हुंगून काकडी सोडून दिली तर आग्रह करू नका. २०१५ च्या सुमारास मांजरीच्या मागे गुपचूप काकडी ठेवून तिला दचकवण्याचे व्हिडिओ जगभर फिरले. ते करू नये. जेवताना घाबरलेलं जनावर जेवायलाच घाबरू लागतं. सशाचं मुख्य अन्न गवत. काकडीची एखादी चकती चालते, जास्त झाली की पोट बिघडतं. गिनीपिगचंही तेच. शिवाय त्याला 'क' जीवनसत्त्व बाहेरूनच मिळावं लागतं आणि काकडीत ते फारच थोडं, तेव्हा ढोबळी मिरचीचा तुकडा त्याला अधिक उपयोगी. कोंबड्या बियांसकट फस्त करतात. काचपेटीतल्या सकर माशाला उकळत्या पाण्यातून काढलेली चकती आवडते, फक्त उरलेली दुसऱ्या दिवशी काढून टाका, पाणी नासतं. आणि तो मासा मोठा झाला म्हणून नदीत सोडू नका. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात हे पाहुणे येऊ लागल्याने त्यांचं मोठं नुकसान होतं आहे. पोपटाबद्दल विचाराल तर आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याची काकडी गच्चीच्या कठड्यावर ठेवा, तो आपण होऊन येईल. गाईला सालं द्या, पण पिशवीसकट फेकू नका. पिशवी तिच्या पोटातून बाहेर येत नाही.

श्रोतेहो, आता शेवटचा आणि मला सगळ्यात जवळचा मुद्दा. बियाण्याचा.

माझी आई गुहागरजवळच्या गावी एकटी राहते. घरामागच्या वरकस उतारावर दर पावसाळ्यात तिचा तवशाचा मांडव असायचा. ते बी तिला तिच्या सासूने दिलेलं. निवडीची तिची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक वेलाचं पहिलं फळ चाखायचं. जराही कडवट लागलं तर त्या वेलाचं बी धरायचं नाही. गोड निघाला त्या वेलाचं नंतरचं एक चांगलं फळ शेवटपर्यंत राखायचं. बिया राखेत घोळवायच्या, शेणात मिसळून भिंतीवर थापायच्या. पुढच्या मृगात त्या गोवऱ्या फोडून पेरायच्या. मग वानरं आणि माकडं वाढली. कोकणात आज कोणालाही विचारा, परसातलं काही हाताला लागत नाही. रात्री रानडुकरं, दिवसा वानरं. ऐंशीच्या घरातल्या बाईने किती दगड मारायचे? तिने मांडव घालणं सोडलं. राखेत घातलेल्या बिया तेवढ्या एका बरणीत राहिल्या.

काकडीचं बी चांगलं कोरडं राहिलं तर चार-पाच वर्षं टिकतं. कोकणच्या दमट हवेत त्याहून कमी. मी ती बरणी पुण्याला आणली तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं. बिया निघाल्या १९. ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. चौथ्या दिवशी काही नाही, सहाव्या दिवशी काही नाही. आईचा रोज फोन. 'काय गं, रुजलं का?' आठव्या दिवशी चार कोंब दिसले. १९ पैकी चार. त्यातलं एक रोप मरीने गेलं, एक कावळ्याने उपटलं. आजीपासून चालत आलेलं ते तवसं आता दोन कुंड्यांत उभं होतं.

खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांनी संकरित काकडी लावली होती. तिचा पराग मधमाशीने आणला असता तर फळ लागलं असतं, पण बी आमचं राहिलं नसतं. म्हणून उद्या उमलणारं मादीफूल आणि दुसऱ्या वेलाचं नरफूल संध्याकाळीच दोऱ्याने हलकं बांधायचं, सकाळी सोडायचं, पराग लावायचा आणि मादीफूल पुन्हा बांधून देठाला लाल दोरा लावायचा. तशी सहा फुलं बांधली, दोन फळं धरली. अप्पा रोज सकाळी काठी घेऊन कावळे हाकायला बसत, खंड्या त्यांच्या पायाशी. ती फळं आम्ही खाल्ली नाहीत. पार तांबूस होऊन सालीवर जाळी पडेपर्यंत राखली. महामृत्युंजय मंत्रात उर्वारुक म्हणजे काकडीच्या फळाचा दाखला आहे. पिकलं की ते देठापासून अलगद सुटतं, तशी सुटका मागितली आहे. एका सकाळी ते फळ खरोखरच हात लावताच सुटून आलं.

बी काढायची रीत सांगते. फळ घरात आणखी आठ-दहा दिवस ठेवायचं. मग चिरून गरासकट बिया वाडग्यात काढायच्या, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्यायच्या. बियांवरचा बुळबुळीत पडदा सुटतो. भरीव बिया तळाशी बसतात, पोचट वर तरंगतात. तळाच्या धुऊन सावलीत खडखडीत वाळवायच्या. कागदाच्या पुडीत, पुडी डब्यात, वर तारीख. बस. मात्र हे देशी वाणाचंच करा. संकरित काकडीचं बी धरलं तर पुढच्या पिढीत आजोळचं एक, घरचं एक असं काहीही निघतं.

दोन फळांतून शंभरांनी बिया निघाल्या. त्यातलं पहिलं पाकीट आईकडे गेलं. तिने ते शेजारच्या वाडीतल्या एका तरुण जोडप्याला दिलं, ज्यांच्या शेताला सौरकुंपण आहे. श्रावणात त्यांनी तिला पहिलं तवसं आणून दिलं. तिने देठाकडचा तुकडा चाखला आणि मला फोन केला. 'आपलंच आहे गं. कडू नाही.' एवढंच बोलली.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं राखल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की हेही देशाचं काम असतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क दिला आहे. पण हक्क कागदावर राहतो आणि बी बरणीत मरतं. सरकारी बियाणं बँकेत गोठवलेलं बी टिकतं हे खरं, पण कोणत्या वेलाचं फळ गोड होतं ही आठवण तिथे ठेवता येत नाही. ती माणसाच्या जिभेवरच राहते.

म्हणून माझी एकच विनंती आहे. यंदा काकडी लावा. गावाकडे कोणी आजी, मावशी, आत्या असेल तर तिच्या फडताळात एखादी पुडी आहे का, ते विचारा. विचारायला उशीर करू नका, बी आणि माणूस दोघांनाही मुदत असते. वेलावरच्या सगळ्या काकड्या खा, शेजाऱ्यांना द्या, कुत्र्यालाही द्या. पण चाखून गोड निघालेल्या वेलाची एक चांगली काकडी तोडू नका. देठाला लाल दोरा बांधा, आणि घरातल्यांना सांगून ठेवा की हिला हात लावायचा नाही.